उतारावरचं गाडगं

पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करत होते तेव्हा आमच्या सरांचा एक नियम होता. जे हातात नाही ते कागदावर नाही. या नियमापायी मी एकदा ढसाढसा रडले होते. माझ्याच गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, की लहानपणी विहीर खणताना माणसाचं तोंड असलेलं चांदीचं नाणं निघालेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं. मी त्यावर छान दीड पान लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि विचारलं, "नाणं कुठं आहे?" मी म्हटलं, ते मोडून त्यांनी बहिणीच्या कानातलं केलं. "मग कानातलं पाहिलंस एवढंच लिही," सर म्हणाले, आणि लाल पेनानं माझं दीड पान आडवं कापलं. मी म्हटलं, "सर, कानातलंही नाही पाहिलं, ती बाई कधीच वारली." त्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला.

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता येत नाही. आता राग नेमका कुणाचा करायचा हेच मला कळेनासं झालंय.

माझं माहेर प्रवरेच्या काठी, संगमनेरच्या खालच्या अंगाला. गावापाशी नदी पसरट होते आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडं जाता येतं. त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. उताराच्या वरच पांढरीचं टेकाड आहे. जुनं गाव जिथं वसून उठलं तिथली माती राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींनी पांढरट होते, म्हणून ती पांढरी. आमच्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या ती माती धाब्याच्या घरांवर घातली, आणि पाऊस पडला की तिच्यातून वर येणारे मणी पोरींनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. मीही घातलेत. त्या टेकाडाचा अर्धा भाग आमच्या शेतात येतो.

सर आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन प्रवरेच्या काठाकाठानं पायी हिंडले होते, तेव्हा ते त्या टेकाडावर बराच वेळ उभे राहिले. एक लाल गुळगुळीत खापर उचललं, अंगठ्यानं पुसलं आणि म्हणाले, "इथं बाजार होता." त्यांचं म्हणणं असं, की कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून पैठणला जाणारा माल नदी ओलांडायला इथंच थांबत असणार. पाणी चढलेलं असेल तर चार दिवस मुक्काम, मुक्काम म्हटला की देवघेव, आणि देवघेव म्हटली की नाणी. हे त्यांनी एका परिषदेत मांडलं, तर तिथले मोठे लोक हसले. एक नाणं दाखवा, मग बोलू, असं म्हणाले. सरांपाशी नाणं नव्हतं. आणि सर इतके सरळ, की आपल्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलं, "या उतारावर आजवर एकही नाणे सापडलेले नाही." पुढं ज्याला ज्याला सरांना खोडायचं असे, तो त्यांचंच हे वाक्य उचलून त्यांच्या तोंडावर मारी. उत्खननाची परवानगी काही मिळाली नाही. सर निवृत्त झाले. पुढं त्यांची दृष्टी अधू झाली आणि मग गेलीच.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पीएच.डी.ला नाव नोंदवलं, लग्न झालं, नवऱ्याला कुवेतच्या एका बँकेत नोकरी लागली, आणि दोन-तीन वर्षांत परत येऊ म्हणून मी एका सुटकेसमध्ये खापरांची चित्रं भरून इकडं आले. त्याला आता वीसेक वर्षं झाली. महबूलाला आमचा फ्लॅट आहे. दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसतो, हवेत धूळ नसली तर. मी एका भारतीय शाळेत सोशल सायन्स शिकवते. आमच्या पुस्तकात सातवाहनांना जेमतेम अडीच ओळी आहेत आणि त्या परीक्षेला येत नाहीत. मी संशोधन सोडलं असं म्हणत नाही, सुटलं असं म्हणते. तेवढीच मनाची समजूत.

एक धागा मात्र तुटला नव्हता. दर शुक्रवारी, शाळेला सुट्टी असते म्हणून, मी सरांना फोन करायचे. ते काय बोलायचे, तर कुणाचं चुकलं, कुठल्या ताम्रपटाचं वाचन कुणी कसं बिघडवलं, आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाई भाजीत साखर कशी घालतात. त्या भाजीवर ते ताम्रपटापेक्षा जास्त चिडत. गेल्या काही वर्षांत मात्र ते कमी बोलायला लागले होते. "काय करायचंय आता," हे वाक्य वारंवार यायला लागलं होतं.

गेल्या मार्चमध्ये, शाळेत परीक्षा चालू असताना, धाकट्या भावानं मला चार फोटो पाठवले. भाऊ गावीच असतो, शेती बघतो. कांद्याची चाळ बांधायची म्हणून त्यानं टेकाडाचा कोपरा जेसीबी लावून सपाट करायला घेतला होता. फोटोत बारदानावर एक काळं गाडगं होतं, काठाला टवका उडालेलं, आणि त्याच्या तोंडाशी मातीसकट चिकटलेली काळपट नाणी. जुन्या पंचवीस पैशांपेक्षाही लहान. शेवटच्या फोटोत भावानं एक नाणं अंगठ्यावर घासून जवळून दाखवलं होतं.

मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिले. राजाचं डोकं, उजवीकडं तोंड केलेलं, भोवती मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांची कडा. दुसऱ्या एका नाण्यावर बाण आणि वज्र. क्षत्रपांची चांदीची नाणी. आणि तिसऱ्या फोटोत एका नाण्यावर त्याच राजाच्या गालावर कमानींचा डोंगर ठोकलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना जिंकल्यावर त्यांच्या जुन्या नाण्यांवर आपला ठसा मारला होता, ती ही. मी वाचायला विसरले नव्हते. इतक्या वर्षांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

भावाला लगेच फोन लावला. म्हटलं, धुऊ नकोस, घासू नकोस, चिंच-पितांबरी काही लावू नकोस, नाणी सुटी करू नकोस, गाडग्यातली माती टाकू नकोस, जिथं निघालं तिथं एक खुंटी रोव.

"बरं बरं," तो म्हणाला. "पण ताई, कुणाला सांगू नको हां. तहसीलदाराच्या कानावर गेलं ना, की रान गेलं समज. पुरातत्त्ववाले पाटी लावत्यात, मंग चाळ बी नाय न्‌ काय बी नाय."

"कळवावं लागतं रे. कायदाच आहे तसा."

"तू ये, मंग कळवू. तू बोलशील त्यांच्याशी. मला त्यातलं काय कळतं?"

मी जाऊ शकत नव्हते. परीक्षा संपल्याशिवाय रजा नाही, आणि इथं राहण्याच्या परवान्याचं, म्हणजे इकाम्याचं नूतनीकरण कुठल्याशा टेबलावर अडकलेलं. जूनमध्ये येते म्हटलं. तोवर जप म्हटलं. तो जपेल याबद्दल मला शंका नव्हती. माझा भाऊ दुसऱ्याच्या बांधावरचं बोरही तोडत नाही.

मग सरांना फोन केला. त्यांना फोटो पाठवून उपयोग नव्हता, म्हणून मी एकेक फोटो पाहत त्यांना सांगत गेले. गाडग्याचा काठ असा, नाकाची ठेवण अशी, केस असे बांधलेले, डोंगराला कमानी इतक्या. सर मध्येच तपासायचे. "बाणाचं टोक वर की खाली? नीट बघ, घाई करू नकोस." मी सांगितलं की ते "हं" म्हणायचे. शेवटी त्यांचा आवाज येईनासा झाला. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "मी मेलो असतो तर हे कळलंच नसतं बघ."

दोन दिवसांनी पाहते तर भावाच्या चारही फोटोंच्या जागी ओळी आलेल्या, हा संदेश हटवला गेला आहे. मुलीच्या शाळेच्या गटांनी फोन भरून जातो म्हणून फोटो आपोआप साठवण्याची सोय मी कधीच बंद करून टाकली होती. मी तडक फोन केला. भाऊ म्हणाला, जेसीबीवाल्यानं गावात तोंड उघडलंय, मोबाईलात पुरावा नको. "मी बघतो सगळं नीट, तू काळजी करू नको." मी वैतागले, पण म्हटलं फोटो गेले तर गेले, वस्तू तर आहे. जूनमध्ये हवे तेवढे फोटो काढू, मोजपट्टी ठेवून, सरांच्या पद्धतीनं.

पुढचे काही शुक्रवार मला आयुष्यभर पुरतील. सरांनी लेख सांगायला घेतला आणि मी महबूलाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून तो टाइप करायचे. सर विरामचिन्हांसकट सांगत. "स्वल्पविराम. नको, काढ. पूर्णविराम दे. दिलास?" दिला म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसत. त्यांनी कपाटावरून जुने नकाशे काढायला लावले होते, दिसत नसताना. त्या बाई मला म्हणाल्या, "आजोबा हल्ली दोन पोळ्या खातात आणि मला प्रवरेचं पाणी कुठून कुठं जातं ते शिकवतात." जुन्या लेखातलं ते एकही नाणं नसल्याचं वाक्य सरांनी पहिल्याच शुक्रवारी मला खोडायला लावलं. त्याच्या जागी तिसरा परिच्छेद आला, गाडग्याचा. "आकडे आणि वजनं मोकळी सोड," म्हणाले. "तू जूनमध्ये मोजून आणलीस की भरू." जूनमध्ये गाडीनं मला उतारावर घेऊन चल, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. सर तिथं जाऊन काय बघणार होते, हे मी विचारलं नाही.

एका शनिवारी मुलीला बळंबळं वस्तुसंग्रहालयात नेलं. इथं फैलका बेटावर सापडलेली ग्रीक काळातली नाणी आहेत. एकेक नाणं वेगळं मांडलेलं, त्यावर आतून मऊ उजेड. मी काचेला नाक लावून उभी राहिले. म्हटलं, आपल्या गावातही अशीच निघालीत, तुझ्या मामाच्या शेतात. पुढं कधीतरी ती अशीच काचेत असतील, आणि खाली पाटीवर लिहिलेलं असेल, प्रवरेचं खोरं, उतारावरचं टेकाड.

"मम्मा, इट्स जस्ट ओल्ड मनी," मुलगी म्हणाली. "कॅन वी गो नाऊ?"

मला राग आला नाही. त्या दिवसांत मला कशाचाच राग येत नव्हता. येताना तिला आइस्क्रीमही घेऊन दिलं.

एप्रिलच्या अखेरीला आमच्याच तालुक्यातलं एक कुटुंब, इथंच एगैलात राहणारं, लग्नाहून परतलं. त्यांच्याबरोबर भावानं डबा पाठवला होता. इकडं असंच चालतं, कुणी येणार असलं की त्याच्या बॅगेत चार घरांची लोणची येतात. एगैलाच्या मॉलमध्ये त्या वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भावानं फार जपून आणायला सांगितलंय हो. मी हातातल्या पर्समध्येच ठेवला सगळी वाट."

घरी येऊन उघडलं. कुरडया, काळा मसाला, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला एक स्टीलचा डबा. डब्यात तांदूळ. तांदळात रुतवलेली चांदीची अन्नपूर्णा. बोटभर उंचीची, पण भरीव. मांडीवर आडवी पळी, डोळे ठसठशीत, नवी कोरी, लखलखीत.

आमच्याकडं लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर माहेरची अन्नपूर्णा देतात. ती तांदळात बसवून लेकीनं सासरी न्यायची, म्हणजे तिच्या घरात अन्नाला तुटवडा पडत नाही. माझ्या लग्नात परिस्थिती नव्हती, म्हणून आईनं मला पितळेची दिली होती. मला त्याचं काही नव्हतं. आईला मात्र होतं. मी सुट्टीवर गेले की ती एकदा तरी म्हणायची, तुला चांदीची द्यायची राहिली. शेवटच्या आजारपणातही म्हणाली. आई जाऊन आता सहा-सात वर्षं झालीत.

मूर्ती हातात घेऊन मी पहिल्यांदा रडले ती आनंदानं. हे मुद्दाम सांगते. मग भावाला फोन केला आणि लटक्या रागानं म्हटलं, "एवढी चांदी आणलीस कुठून? कांद्याला भाव आला वाटतं."

तो हसला. "वळख."

मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. एवढी शिकलेली बाई, तरी मी म्हटलं, "लॉटरी लागली का?"

"आगं ताई, गाडग्यातली नाय का ती!"

मी मूर्ती ओट्यावर ठेवली. तो मात्र भरभरून बोलत होता. फोटो पाठवले त्याच आठवड्यात तो मोटारसायकलवरून पडला, हात मोडला, मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. भावजय घाबरली. गावातले जाणते म्हणाले, गुप्तधन कुणाला पचत नसतं, ठेवलं तर घर बुडवतं. देवाच्या अंगावर घातलं तरच दोष जातो. मग त्यानं सगळी नाणी तालुक्याच्या सोनाराकडं नेली, समोर बसून वितळवून घेतली, कुणी म्हणायला नको की घरात काही राहिलं. त्यातून गावच्या खंडोबाला प्रभावळ केली. आणि वडिलांच्या रानातलं आहे, बहिणीचा वाटा बुडवायचा नाही, म्हणून माझ्यापुरती ही.

"तुझ्या नावचं बी देवाच्याच रूपानं दिलं, म्हणजे तुलाबी दोष नाय," तो म्हणाला. "मी एक गुंजभर ठेवली नाय घरात. आईचं बोलणं डोक्यात व्हतं. म्हणलं, तिची तेवढी तरी हौस फिटू दे."

"एकही नाही राहिलं? सोनाराकडं एखादं?"

"नाय गं. सगळी एकाच मुशीत घातली."

"गाडगं?"

"ते उतारावर सोडलं नदीत. रिकामं गाडगं घरात ठेवत नसत्यात, तुला ठाऊक नाय का?"

मला ठाऊक होतं. मी त्याच घरातली. मी म्हटलं, "मी तुला सांगितलं होतं रे, हात लावू नकोस."

मग त्याचा आवाज बदलला, लहानपणी मी रागावले की व्हायचा तसा. "तुला आवडली नाय का?"

काय सांगणार होते मी त्याला? तू चोर असतास तर बरं झालं असतं, असं? चोरानं ती विकली असती. मुंबईच्या कुठल्यातरी दुकानात, कुणाच्या तरी संग्रहात, ती नाणी नाणी म्हणून जगली असती, आणि दहा वर्षांनी का होईना, सर नाही तर दुसरं कुणी त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. माझा भाऊ प्रामाणिक निघाला म्हणून दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारी संपली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं देणाराही देव आणि नेणाराही देवच, कर्माला मध्ये यायला वावच मिळाला नाही.

"आवडली," मी म्हटलं. "आईला खूप आवडली असती."

रात्रीच्या जेवणापूर्वी नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना आता. निदान घरात तरी आली." तो वाईट माणूस नाही. त्याला अन्नपूर्णा दिसत होती. मला तिच्या जागी शे-दोनशे राजांची डोकी दिसत होती, एकमेकांच्या गालात विरघळत गेलेली. सोनारानं मूस तापवली तेव्हा आधी कमानींचा डोंगर गेला असेल की खालचा राजा, असले भिकार विचार मी कितीतरी दिवस करत होते. वर्गात शिकवताना, लिफ्टमध्ये, भांडी लावताना. धुळीचे दिवस सुरू झाले होते. खिडकीच्या फटींना ओली फडकी लावली तरी टेबलावर पिवळट थर बसायचा. तो पुसायचा आणि परत बसू द्यायचा, एवढंच जमत होतं.

त्या शुक्रवारी सरांना फोन केला नाही. शाळेचं काम आहे असा निरोप पाठवला. पुढच्या शुक्रवारी त्यांचाच फोन आला. डोळ्यांनी दिसत नाही, तरी त्या बाईंना नंबर लावायला लावून.

"काय गं बाई, दांडी मारायला लागलीस? लॅपटॉप उघड. कुठं थांबलो होतो आपण?"

मी लॅपटॉप उघडला. अन्नपूर्णा ओट्याच्या वरच्या फळीवर वाटीतल्या तांदळात बसलेली होती. भावानं फोटो मागितला होता, म्हणून आदल्या दिवशीच मी तिला तिथं बसवून हळदकुंकू वाहिलं होतं. मी सरांना सांगितलं. सगळं सलग सांगितलं, भावाच्या मोडलेल्या हातापासून नदीत सोडलेल्या गाडग्यापर्यंत. त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती मला इथं ऐकू आली.

"एखादं तरी उरलं असेल," शेवटी ते म्हणाले. "लहान पोरांनी खेळायला घेतलेलं वगैरे."

"विचारलं सर. नाही उरलं."

"गाडग्याचं खापर? काठाचा टवका उडाला होता म्हणालीस. तो शेतात पडला असेल."

"तिथं आता चाळीचा कोबा झालाय."

"आणि फोटो नाहीत."

"नाहीत."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "सर, पण मी पाहिलंय ना. नीट पाहिलंय. तुम्ही विचारत गेलात आणि मी सांगत गेले. मी शपथेवर लिहून देते, माझ्या नावानं. आपण तिसरा परिच्छेद तसाच ठेवू."

"बाई," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, आणि तोच मला सहन होईना. लाल पेनवाला आवाज मला चालला असता. "तुझ्या गावातल्या त्या म्हाताऱ्यानंही पाहिलं होतं."

बाहेर कुणीतरी गाडीवरची धूळ फडक्यानं झटकत होतं.

"तिसरा परिच्छेद काढ," सर म्हणाले.

मी काढला.

"आता आपलं जुनं वाक्य परत घाल. पाठ आहे ना?"

मला पाठ होतं. तरी त्यांनी सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि मी टाइप केलं.

"वाच."

"या उतारावर आजवर एकही नाणे सापडलेले नाही," मी वाचलं.

"पूर्णविराम दिलास?"

"दिला, सर."